नसीम नेपाळला गेली नव्हती

नसीम गेल्याचं मला शेवंताबाईनं सांगितलं. शेवंताबाई म्हणजे नागपूरच्या नंदनवन भागातल्या नसीमच्या दवाखान्यातली आया. सकाळी सातला ती रिक्षा करून थेट प्रताप नगरात आली, माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, बाई गेल्या." काविळीनं नसीम तीन आठवडे अंथरुणाला खिळली होती, मी एक दिवसाआड जात होतो, स्वतः डॉक्टर असल्यामुळे पुढचं सगळं मला इतरांपेक्षा जरा जास्तच कळत होतं... तरी मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे गेल्या?" शेवंताबाई पायरीवर बसून डोळ्यांना पदर लावून रडत राहिली. अडतीस वर्षांची होती हो नसीम. हे काय जायचं वय आहे?

आठ दिवसांनी सीताबर्डीवरच्या एका सभागृहात शोकसभा झाली. हा लेख मी त्या शोकसभेमुळे लिहितोय, दुःखामुळे नाही. दुःख माझं मी घरात बघून घेईन. सभेत एका मुस्लिम कमिटीचे वयोवृद्ध अध्यक्ष बोलायला उठले. चांगला माणूस, मऊ आवाज, पांढरीशुभ्र दाढी. ते म्हणाले, "डॉक्टर नसीम यांनी विद्यार्थिदशेतच नेपाळच्या गोरगरीब मुस्लिम खेड्यांत जाऊन आपल्या बहिणींची सेवा केली." समोरच्या माना हलल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हे साफ खोटं आहे. नसीम नेपाळला गेलीच नव्हती. तिला जाऊ दिलं नव्हतं, आणि जाऊ न देणारे हेच अध्यक्ष होते. तिच्या जागेवर मी गेलो होतो. आणि तरी मी, दुसऱ्या रांगेत बसून, मूग गिळून, ते भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वर आता सभागृहाच्या एका खोलीला तिचं नाव द्यायचं ठरलंय, आणि माझ्याकडे निरोप आलाय की नेपाळातला असा एखादा फोटो द्या, ज्यात बाई दिसतील. असा फोटो नाही. असणार कुठून?

मेडिकलला आम्ही एका वर्गात होतो. मी नागपुरातल्या इंदोरा वस्तीतला, बौद्ध घरातला. ती काटोलकडच्या एका खेड्यातली, मास्तरांची मुलगी. तिचे अब्बा मराठी शाळेत शिकवायचे, त्यामुळे घरात उर्दू आणि अंगणात पक्की वऱ्हाडी. शरीररचनेच्या पहिल्या दिवशी मी प्रेताजवळ घाम पुसत उभा होतो, तर शेजारून आवाज आला, "काहून गा वासनिक, मुडद्याले भिऊन राह्यला? तो काही करत नाही. जिते असतात त्यायच्यापासून सांभाळून राह्य." सगळी पोरं हसली. मलाही हसू आलं, आणि हात चालायला लागले. बोलण्यात ती अशी फटकळ, आणि कामात अशी की प्रसूतीच्या वॉर्डातल्या आमच्या मॅडम मुलांना सोडून तिलाच हाक मारायच्या. इंटर्न होईस्तोवर तिनं जितकी बाळंतपणं स्वतःच्या हातांनी केली होती तितकी आमच्यातल्या कुठल्याही सहा जणांनी मिळून पाहिलीसुद्धा नव्हती.

नेपाळचं खूळ तिच्या डोक्यात भरवलं एका बांगडीवाल्यानं. इद्रीस त्याचं नाव. नेपाळच्या तराईतला, बांगड्या विकत विकत नागपूरपर्यंत आलेला आणि टायफॉइडनं आमच्या वॉर्डात पडलेला. नसीम त्याच्याजवळ बसून गावाकडच्या गोष्टी काढायची. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. गावापासून डॉक्टर बैलगाडीनं एक दिवसावर, आणि पोहोचला तरी उपयोग काय? "हमरे गाँव की मेहरारू मरद डाक्टर को नाड़ी तक न दिखावें," इद्रीस म्हणाला. बाया पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नाहीत. नसीम त्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा न पिता बसून राहिली. मग म्हणाली, "वासनिक, मी जाणार तिथं. थंडीत सुट्टी असते ना, तवा. तुमी लोक चला नाही तर नका चलू."

आणि तिनं ते उभं केलं! आम्ही नाही, तिनं. मुस्लिम मुलांची एक लहानशी तुकडी जमवली, मोहल्ल्यातल्या त्याच कमिटीला गळ घातली, प्रवासाची सोय त्यांच्याकडून कबूल करून घेतली. सीताबर्डी आणि धरमपेठेतल्या डॉक्टरांच्या दारोदार जाऊन सॅम्पलची औषधं गोळा केली. औषधं भरायला रिकाम्या संत्र्याच्या पेट्या आणल्या. गावात वाचता कोणाला येणार, म्हणून प्रत्येक पुडीवर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढले. मी बाहेरचा, पण पुड्या बांधायला रोज जायचो. वर्गातले काही शहाणे मला टोमणे मारायचे, "आपल्याकडं कमी गरिबी आहे का, तर निघाले परदेशात! तेही त्यांच्याच लोकांसाठी!" हे विचारणाऱ्यांपैकी एकही जण कधी स्वतःच्या तालुक्याच्या खेड्यात सुई घेऊन गेला नाही, आजतागायत नाही. आणि नसीमनं सगळ्यात आधी काय शिवलं होतं माहीत आहे? पडदा. हॉस्टेलच्या जुन्या चादरी निळ्या रंगात बुडवून तिनं एक मोठा थोरला पडदा शिवला होता. शिबिराच्या अर्ध्या भागाला तो लावायचा, सकाळभर पडद्यामागे ती बायांना तपासणार. सगळ्या बेताचा जीव त्या अर्ध्या भागात होता.

निघायच्या आठ दिवस आधी कमिटीनं बोलावलं. अध्यक्ष अगदी प्रेमानं बोलले. बेटी, तू केलंस ते कोणी केलं नाही, पण जवान मुलगी, बरोबर सहा मुलं, परका मुलूख... उद्या बोट कोणाकडे दाखवतील? नसीमचे अब्बा मुद्दाम काटोलहून आले होते. टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी स्वतः येतो तिच्यासोबत. बाप सोबत असल्यावर कशाचा दोष?" त्याचंही उत्तर तयार होतं: मग दोन जागा लागतील. दोन जागा नव्हत्या. एक मात्र होती, आता रिकामी झालेली. अध्यक्षांची नजर फिरत फिरत पुड्या पोहोचवायला आलेल्या माझ्यावर आली. "आपला वासनिक आहे की! सेवेत जात-धर्म काय पाहायचा?" आणि हद्द म्हणजे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या शिबिराचं नावच मुस्लिम वैद्यकीय पथक, त्यात मी चाललो. ते उभं करणारी मुसलमान मुलगी चालली नाही. आणि याला त्यांनी ऐक्य म्हटलं!

बाहेर आल्यावर नसीमनं माझी सायकल धरली. "तू नाही म्हण. ऐकून राह्यला ना? तू नाही म्हटलं तर त्यायले मले न्यावंच लागीन. दुसरं कोणी नाही आता त्यायच्याजवळ." मी म्हटलं, शिबिरच बारगळलं तर? तुझीच मेहनत वाया जाईल. केवढा समंजस होतो मी! खरं सांगू का... मला हिमालय पाहायचा होता. इंदोऱ्याच्या पोराला परदेश पाहायचा होता. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, तिला ते कळलं असणार, आणि तिनं सायकल सोडली. निघायच्या दिवशी स्टेशनवर ती तो पडदा घडी करून घेऊन आली. दोऱ्या कुठे बांधायच्या ते तिनं मला दाखवलं. आणि आम्ही तो नेला. डॉक्टर ठेवून गेलो आणि पडदा घेऊन गेलो! आम्हा सात शिकल्यासवरल्या पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की या पडद्यामागे आता कोण बसणार आहे.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग बस, मग बैलगाडी. हिमालय दिसला नाही, धुकं होतं. इद्रीसनं गावात सांगून ठेवलं होतं की नागपूरहून डॉक्टरीण येणार, त्यामुळे पहिल्याच सकाळी बायांनी अर्धं मैदान भरून गेलं. आम्ही पडदा लावला. त्या मागे जाऊन बसल्या. आम्ही पुढे बसलो. दोन्हीकडे माणसं, मध्ये चादर. मग त्यांचे नवरे, दीर, सासरे पुढे येऊन सांगायला लागले. हिच्या पोटात दुखतं. कुठे दुखतं? इथे. आणि ते आपल्या स्वतःच्या पोटाला हात लावून दाखवायचे. आम्ही त्यांच्या पोटाकडे पाहून त्यांच्या बायकांना औषधं दिली. तिसऱ्या दिवसापासून बाया येईनाशा झाल्या. आमची पोरं म्हणाली, अडाणी लोक आहेत.

चौथ्या दिवशी दुपारी एक माणूस धावत आला. बायकोला सकाळी मूल झालं होतं, वार पडली नव्हती, रक्त थांबत नव्हतं. मी इंजेक्शन घेऊन त्याच्या मागे पळालो. दारात सासरा आडवा. मी त्याच्या हाता-पाया पडलो. नवऱ्याला समजावलं. गावच्या मौलवींना बोलावून आणलं, ते बिचारे म्हणाले, जीव वाचवायला परवानगी आहे, जाऊ द्या. सासरा म्हणाला, घर माझं आहे. आतून दाई नवऱ्याला सांगायची, नवरा मला सांगायचा, मी काय करायचं ते सांगायचो, तो दाईला सांगायचा. दाईला माझं कळत नव्हतं, मला आतलं दिसत नव्हतं. नसीमनं वॉर्डात हे काम माझ्यासमोर कितीदा केलं होतं, बोलता बोलता, हात घालून वार काढून मोकळी. भरलेली सिरिंज धरून मी दारात उभा होतो. दुपार कलली, असरची अजान झाली आणि आत बाया रडायला लागल्या. तिचं नावसुद्धा मला कोणी सांगितलं नाही.

नागपूरला परतलो तर स्टेशनवर हार. फोटो. अध्यक्षांनी प्रत्येकाला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी नसीमनं मला लायब्ररीच्या पायऱ्यांवर गाठलं आणि एकच विचारलं, "बाया आल्या होत्या?" मी सगळं सांगितलं. त्या एका गोष्टीचंच मला आज बरं वाटतं, की मी तिच्याशी खोटं बोललो नाही. ती ऐकत होती. मी सांगत होतो की सासऱ्याला किती विनवलं, नवऱ्याला किती, मौलवींना कसं आणलं. मध्येच ती म्हणाली, "आन तिले?"

"कोणाला?"

"तिले, बे! जे मरून राह्यली होती तिले. दारातून ओरडून इचारता नाही येत होतं, का मी आत येऊ का म्हणून? साऱ्या गावाले इचारलं तू. तिले इचारलं का?"

चौदा वर्षं झाली त्याला. मला सुचलंच नव्हतं हो. जसं कमिटीला सुचलं नव्हतं, जसं मला सायकलपाशी सुचलं नव्हतं. नसीम उठली, आणि पुढची दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. तिनं बरोबर केलं. नंतर नंदनवनात दवाखाना काढला तेव्हा आपणच माझ्याकडे, म्हणजे मुलांच्या डॉक्टरकडे, आली आणि म्हणाली, "मुलांचे पेशंट तुयाकडं पाठवत जाईन. फुकट तपासशीन." इतकाच आमचा समेट. नेपाळचा विषय तिनं परत काढला नाही. शेवटच्या भेटीत डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, तरी मला पाहून म्हणाली, "इथं काय बसून राह्यला, तुये पेशंट कोण पाह्यते?"

परवा मी दवाखान्यात गेलो. फोटो नाही हे पक्कं माहीत असूनही गेलो, का ते विचारू नका. शेवंताबाई रोज दार उघडते, झाडते, कारण बाया अजून येतात. आसपासच्या खेड्यांत बातमी पोचली नाही. मी असतानाच एक मुलगी आली, आठवा-नववा महिना असेल, पाय सुजलेले. सोबत नवरा. तो सवयीनं सांगायला लागला, "इचं काय झालं, बाई, का दोन दिसापासून..."

"तुमी चूप राहा, भाऊ," शेवंताबाई म्हणाली. तिचं नाही ते बोलणं, सगळ्या नागपूरला ठाऊक आहे कोणाचं ते. "तू सांग वं बाई. काय होऊन राह्यलं तुले?"

मुलगी हळूहळू सांगायला लागली. डोकं दुखतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. हे थांबण्यासारखं नव्हतं. मी पुढे झालो. नवऱ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तो प्रश्न ज्या माणसाला विचारायचा त्याच माणसाला विचारला. "मी डॉक्टर आहे. मी तपासलं तर चालेल का तुला?"

तिनं मला नीट न्याहाळलं. मग मान हलवली. नाही. तिचा हक्कच होता तो. मी शेवंताबाईला रिक्षा आणायला पिटाळलं, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहिली आणि मुलीला म्हटलं, तिथे बाईडॉक्टर आहेत, पण आत्ता, या क्षणी निघावं लागेल.

"दूर आहे ते," ती म्हणाली. "आमच्या गावच्या साऱ्या बायांले इथल्या बाईनंच पाह्यलं. कवा येतात त्या?" आणि मी तोंड उघडायच्या आत ती भिंतीला टेकून खाली बसली. "येऊ द्या त्यायले. मी थांबते."