बावीस वर्षांच्या गाडीतल्या मामी

मामींइतकं उघडपणे घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. घाबरतो आपण सगळेच, पण झाकून ठेवतो. मामी सांगून घाबरत. लिफ्टमध्ये पाय ठेवताना म्हणत, "मी घाबरलेय हं, माझ्याशी बोलत राहा." बँकेत फॉर्म हातात आला की शेजारच्या अनोळखी जपानी माणसालाही सांगून टाकत, की मला या कागदाची भीती वाटते. तो बिचारा वाकून माफी मागायचा. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक शिट्टी असे, ढिगाऱ्याखाली अडकलं तर वाजवायला. मामा गेल्यावर मंगळसूत्र काढलं आणि त्या जागी ही आली, असं त्या स्वतःच सांगत. वर म्हणत, "हाक मारली तर हिचा आवाज तरी लांब जातो. तुमच्या मामांना कधी ऐकूच जायचं नाही."

नागोयातल्या आम्हा मराठी लोकांच्या त्या मामी. मूळच्या सांगलीच्या. मामा मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, तीस वर्षं राहिले आणि निवृत्तीनंतर दोनच वर्षांत गेले. मागे राहिला पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि एक कॅम्पिंग कार. छोट्या ट्रकच्या पाठीवर खोली बसवावी तशी ती गाडी: पलंग, सिंक, शेगडी आणि मामांनी स्वतः कापून बसवलेल्या फळ्या. फ्लॅटमध्ये मामींचा डोळा लागत नसे. भूकंप होईल आणि वरचे सहा मजले अंगावर येतील, ही भीती त्यांना उशीला डोकं टेकलं की गाठायची. म्हणून नागोयापासून तासाभरावर, डोंगरातल्या एका कॅम्पग्राउंडवर त्यांनी कायमची जागा घेतली होती. दर महिन्याला नाव पुढे चालू करायचं आणि राहायचं. जागा निवडली तीही सरकारी धोक्याचा नकाशा समोर ठेवून. समुद्र तिथवर येणार नव्हता, दरड कोसळणार नव्हती, आणि डोक्यावर पत्र्यापलीकडे काही नव्हतं. फ्लॅट उरला फक्त कपडे धुण्यापुरता आणि टपालापुरता.

त्या गाडीत चहा प्यायला जाणं म्हणजे एक कवायत असे. आधी दोन्ही खिडक्या उघडायच्या. मग मामी सिलिंडरला नाक लावणार, शेगडी पेटवणार आणि चहा होईपर्यंत कुणाला हलू देणार नाहीत. आलं घालून उकळलेला तो चहा झकास असायचा, पण गॅस बंद केल्यावर त्या पुटपुटत शंभर आकडे मोजत आणि तोवर आपण कप तोंडाला लावायचा नाही. मी एकदा म्हणालो, "मामी, एवढं काय त्यात? निवतोय चहा." मोजता मोजता त्या ऐंशीपर्यंत आल्या होत्या. शंभर पुरे झाल्यावर म्हणाल्या, "समीर, तू घाबरत नाहीस ना, म्हणून मला तुझी काळजी वाटते."

मी स्वतःला धीट समजत असे. पुण्याहून दोन वर्षांच्या कंत्राटावर आलेला सॉफ्टवेअरवाला मी, दोनाची सहा वर्षं झालेली, ऑफिसात सगळ्यांचा समीर-सान, म्हणजे आपल्याकडचा समीरराव. माझा धीटपणा उघडा पडला एका संध्याकाळी जेवताना. घरातले फोन एकदम किंचाळले. भूकंपाची ती सूचना येते तेव्हा हातात चारपाच सेकंद असतात. माझी बायको अनघा सईला घेऊन टेबलाखाली गेली आणि मी हातात आमटीची वाटी धरून तसाच बसून राहिलो. इमारत करकरत होती. सात वर्षांची सई टेबलाखालून मलाच धीर देत होती, "बाबा, दाइजोबु, दाइजोबु." काही होत नाही, सगळं ठीक आहे, असा तो शब्द. इथली मुलं तो बालवाडीतच शिकतात.

तासाभरात मामी गाडी घेऊन आमच्या दाराशी हजर. डोंगर उतरून, तेही घाबरत घाबरत. "चला, आज माझ्याकडे," म्हणाल्या. वर पोचल्यावर सई पुन्हा दाइजोबु म्हणाली तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं. "बाळा, दाइजोबु म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. भीती वाटली तर भीती वाटली म्हणावं. मग दुसऱ्याला हात धरता येतो." सईने थोडा वेळ विचार केला आणि मग ती मोठ्याने रडली. अनघाही रडली. मी रडलो नाही, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

मग तो नियम आला. दुसऱ्या कुठल्याशा कॅम्पग्राउंडवर एका जुन्या गाडीतला फ्रिज पेटला होता, आणि त्यावरून मामींच्या कॅम्पग्राउंडने ठरवलं की पहिल्या नोंदणीला पंधरा वर्षं होऊन गेलेल्या गाड्यांना यापुढे लांब मुक्कामाला जागा द्यायची नाही. ऐकून मी तावातावाने बोललो. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते, ब्रेक नवे आहेत, गाडीचं वय कसलं विचारता, तब्येत विचारा. मामी शांतपणे म्हणाल्या, "नियम बरोबर आहे रे. आगीला मीही घाबरते. मी त्यांच्या जागी असते तर दहा वर्षांचा केला असता." आणि मग, "पण मी झोपू कुठे?"

त्यांच्या गाडीचं नक्की वय त्यांनाही ठाऊक नव्हतं. मामांनी ती वापरलेलीच घेतली होती. फॉर्म आला तो त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे दिला, सोबत गाडीच्या तपासणीचं प्रमाणपत्र. फॉर्मची परदेशी लोकांसाठी काढलेली इंग्रजी प्रत होती. पहिल्या नोंदणीच्या सालापुढे वीस हा आकडा आधीच छापलेला आणि त्यापुढे दोन मोकळे चौकोन. प्रमाणपत्रावर पंधरा होतं. मी पंधरा भरलं. दोन हजार पंधरा. गाडी दहाच वर्षांची निघाली म्हणून आम्ही त्या दिवशी शिरा केला. मामींनी दोनदा शिरा मागून खाल्ला. "मला वाटलं होतं त्याहून तरुण आहे की माझी गाडी," म्हणाल्या.

इथे सरकारी कागदावर साल मोजतात ते सम्राटाच्या कारकिर्दीचं. प्रमाणपत्रावरचं पंधरा हे हेइसेइ या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष होतं, म्हणजे आपलं दोन हजार तीन. गाडी बावीस वर्षांची होती. मी आलो तेव्हा ती कारकीर्द संपून नवी सुरू झाली होती, त्यामुळे त्या पंधराने मला काही सांगितलंच नाही. आपल्याकडचा शिकलेला माणूसच अशी चूक करतो: आकडे वाचता येतात, एवढ्यावर त्याला सगळं वाचता येतंसं वाटतं.

दोन महिन्यांनी कॅम्पग्राउंडच्या मॅनेजरांचं, मोरी-सानांचं पत्र आलं: प्रमाणपत्र पडताळणीसाठी घेऊन यावं. मी माझ्या ऑफिसातल्या एकाला ते सहज दाखवलं, त्याने साल समजावून सांगितलं आणि मी जागच्या जागी गार पडलो. कारण माझा इथल्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज तेव्हा सरकारात पडून होता. खोटी माहिती, परदेशी नागरिक, लेखी फॉर्म, हे शब्द माझ्या डोक्यात फिरायला लागले. अर्ज फेटाळला तर सईची शाळा, अनघाची नोकरी, सगळंच गेलं. चार दिवस मी रात्री जागून व्हिसाचे नियम वाचत बसलो. आज शांतपणे विचार केला तर त्या चुकीने माझं काही बिघडलं नसतं. पण भीतीला हिशेब कळत नाही, आणि मला तर भीतीची सवयच नव्हती.

पाचव्या दिवशी मामी कपडे धुवायला फ्लॅटवर आल्या होत्या, तिथे मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा हात शिट्टीकडे गेला. मग त्यांनी विचारलं, "फॉर्मवर तुझं नाव आहे कुठे?" नव्हतं. सही त्यांची होती. "मग झालं तर. तू मला गाडीने ने आणि गाडीतच बस. मी आत जाते."

मी नको म्हणालो, पण कसं म्हणालो ते माझं मलाच ठाऊक. मनातून कबूल असलेला माणूस म्हणतो तसं.

"समीर, मी घाबरलेली असतेच," त्या म्हणाल्या. "आणखी थोडी घाबरेन. तुझ्या घरात लहान मूल आहे."

ऑफिसच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. मोरी-सान उभे, समोर मामी. त्या वाकल्या, काहीतरी बोलल्या, पुन्हा वाकल्या. एका हाताने टेबलाची कड धरली होती. तिसऱ्यांदा वाकल्या तेव्हा कितीतरी वेळ वर आल्या नाहीत. दाराचं हँडल माझ्या हातात होतं. ते खाली दाबायचं, उतरायचं, वीस पावलं चालायची आणि एक वाक्य बोलायचं. मी हँडल सोडलं आणि मोरी-सानांनी बाहेर पाहिलंच तर दिसू नये म्हणून सीटमध्ये खाली सरकलो.

मामी परत आल्या. "दहा दिवस दिलेत," म्हणाल्या. "चांगला माणूस आहे. वहीत लिहून घेतलं फक्त, की मी खोटं साल लिहिलं." त्यांना सीटबेल्ट लावता येईना. तो मी लावला.

दुसरीकडे जागा मिळाली नाही. चौकशी केली तिथे तिथे हाच नियम होता, नाहीतर जागा समुद्राकाठी होती. शहरात एवढी गाडी उभी करायला जागा नव्हती, म्हणून ती भंगारात गेली. मामी पाचव्या मजल्यावर राहायला आल्या आणि दाराजवळ खुर्ची टाकून, पायात बूट घालून बसून राहू लागल्या. अनघा त्यांना आमच्याकडे बोलवायची, पण आम्हीही चौथ्या मजल्यावर. दीड महिन्यात डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. शेवटी सांगलीहून भाचा आला आणि त्यांना घेऊन गेला. विमानतळावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "विमानाची फार भीती वाटतेय." मी म्हणालो, "मलाही वाटते." त्या हसल्या, कारण हे मी पहिल्यांदाच कबूल करत होतो.

सांगलीचं घर एकमजली. तिथे त्यांना झोप लागेल असं आम्हाला वाटलं. चार महिन्यांनी माझं वास्तव्याचं कार्ड आलं आणि त्याच आठवड्यात मामींचा फोन. "कार्ड आलं? बरं झालं. आता मोरी-सानांना जाऊन सांग. त्यांच्या वहीत मी खोटारडी म्हणून आहे. ते आठवलं की इथेही झोप येत नाही रे." जातो म्हणालो. पुढच्या फोनला प्रोजेक्टचं कारण होतं, त्यापुढच्या फोनला सईच्या परीक्षेचं. खरं कारण भीती हेच होतं, आणि आता तर तिला निमित्तही उरलं नव्हतं. चौथा फोन भाच्याचा आला. मामी पहाटे गेल्या होत्या.

त्यानंतरच्या रविवारी मी डोंगरावर गेलो. मामींच्या जागेवर एक पांढरी, नवी कोरी गाडी उभी होती. ऑफिसात मोरी-सान एकटेच होते. पाठ केलेली जपानी वाक्यं मी उभ्याउभ्या बोलून टाकली: फॉर्म मी भरला, साल मी चुकवलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मोरी-सानांनी ऐकून घेतलं. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "दर महिन्याला त्या इथे सही करायच्या. त्यांचे आकडे थरथरलेले असत. फॉर्मवरचे सरळ होते. आणि त्या दिवशी गाडीत तुम्ही बसला होतात." एवढं बोलून त्यांनी वही काढली, ती ओळ शोधली, पट्टी लावून तिच्यावर रेघ मारली आणि बाजूला आपला छोटा शिक्का उमटवला. आमच्या तोंडी ऐकून, मामी हे त्यांचं नावच आहे, असं ते पहिल्यापासून धरून चालले होते. जपानीत बायकांचं तसं नाव असतं.

वही मिटून त्यांनी विचारलं, "मामी-सानांना तिकडे झोप लागते ना आता?"

मी वाकलो आणि मला वर पाहता येईना. मोरी-सान टेबलामागून बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि तेही वाकले.