चिठ्ठी बोलली

आमच्या बसडेपोत वकील नावाचा माणूस ब्रेक दुरुस्त करतो. खरा वकील नव्हे हो, कोर्टाची पायरी तो जन्मात चढलेला नाही. दिवसभर बसच्या पोटाखाली खड्ड्यात उभा, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे आणि तोंडाचा पट्टा सुरू, म्हणून वकील. मी या डेपोचं कँटीन चालवते. सगळे मला मावशी म्हणतात, आणि मावशीच्या तोंडाला लागू नये हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण मीसुद्धा कढईखालचा गॅस बारीक करून त्याचं बोलणं ऐकायचे, असा तो बोलायचा. आता फारसा बोलत नाही. का, तेच सांगते.

देशाची निवडणूक जवळ आली की आमच्या डेपोतल्या पुरुषांच्या अंगात येतं. मागच्या वेळी बसना रंग देणारा आमचा रंगारी आणि एक ड्रायव्हर यांची करावरून जुंपली. माझ्या दोन खुर्च्यांचे पाय मोडले आणि चहाच्या किटलीला असा पोचा पडला की ती अजून तिरकी ओतते. मॅनेजरने फर्मान काढलं, कँटीनमध्ये राजकारण बंद. मग टाइमकीपरने डोकं चालवलं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सभा भरवायची. विषय एकच. चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात दोन चिठ्ठ्या, एक या बाजूची, एक त्या बाजूची. हाताला येईल ती बाजू घेऊन जीव तोडून बोलायचं, मग पटो न पटो. शेवटी सगळ्यांनी ओरडायचं, "चिठ्ठी बोलली!" झालं, विषय संपला. जे काही बोललं गेलं त्याची जबाबदारी चिठ्ठीची, माणसाची नाही.

नियम चांगला होता, उगाच कशाला नावं ठेवू? रंगारी म्हणजे सगळे कर उद्याच रद्द करा म्हणणारा माणूस. त्याला चिठ्ठी आली कर वाढवायची. गडी दवाखाने, शाळा, रस्त्यावरचे दिवे यांवर असा काही बोलला की घरी गेल्यावर स्वतःचंच त्याला पटायला लागलं. आम्ही पोट धरधरून हसलो. आणि वकील? त्याला कुठलीही बाजू द्या, तो मैफल मारायचाच.

आता ताईबद्दल सांगते. ताई म्हणजे वकिलाची थोरली बहीण. माझ्याकडे दुपारची भांडी घासते. जेवणघर आणि मोरी यांच्यामध्ये एक सरकत्या झडपेची खिडकी आहे. तिथून ताटं आत जातात आणि ताईचे हात तेवढे बाहेर दिसतात. तिचा नवरा आमच्याच डेपोत ड्रायव्हर होता. झटका आला आणि तेव्हापासून अंथरुणावर आहे. बोलता येत नाही, मानसुद्धा वळवता येत नाही, समजतं मात्र सगळं. घरातल्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला सरकार भत्ता देतं, तो ताईला मिळायचा. त्यातून ती शेजारच्या बाईला पैसे द्यायची, ती बाई दुपारी नवऱ्याजवळ बसायची, म्हणून ताईला चार तास बाहेर पडता यायचं. चार माणसांत यायची, हसायची, माझ्या शिव्या खायची. तो भत्ता म्हणजे तिची ही दुपार होती.

ताई तो भत्ता घ्यायलाच तयार नव्हती. "फुकटचं घ्यायला लाज वाटते," म्हणायची. वकिलाने तिला हाताला धरून ऑफिसात नेलं होतं. "लाज कसली गं? रात्रीतून चारदा उठून भाऊजींना कुशीवर वळवतेस, हे काम नाही का? आणि कर मी भरतो ना? त्यातलेच आले असं समज!" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

तर मतदानाच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. त्या वेळी सगळीकडे एकच वाद होता. एक पक्ष म्हणत होता, कर कमी करू आणि भत्त्यांना कात्री लावू. दुसरा म्हणत होता, श्रीमंतांचा कर वाढवू आणि भत्ते वाढवू. टाइमकीपरने विषय ठेवला, भत्ते ठेवावेत की बंद करावेत. रंगाऱ्याला आली ठेवायची बाजू, वकिलाला बंद करायची. वकिलाने चिठ्ठी वाचली आणि एक क्षण खिडकीकडे बघितलं, हे मी पाहिलं. मला वाटलं, चिठ्ठी बदलून मागेल. पण नियम म्हणजे नियम, आणि लोक टेबल वाजवत होते.

रंगारी अडखळत का होईना, पण मनापासून बोलला. "आज मी शिडीवर आहे, उद्या शिडीवरून पडलो तर? तेव्हा मला कोण?" एवढंच त्याचं म्हणणं. लोकांनी माना डोलावल्या. मग वकील उठला. पगाराच्या स्लिपपासून सुरुवात केली. "स्लिप हातात आली की पहिली नजर कुठे जाते? काय कापलं तिथे! आणि कुणासाठी कापलं, ते कधी कुणी विचारतं?" बरं चाललं होतं, पण रंगत येईना. मागून कुणीतरी जांभई देत म्हणालं, "हे पेपरात रोज येतं वकील, काहीतरी नवीन काढ!"

बस्स. या माणसाला सगळं चालतं, फक्त समोरच्याची जांभई चालत नाही.

"नवीन हवंय? ऐका तर. मी एक बाई ओळखतो," वकील म्हणाला. "घरात आजारी नवरा, म्हणून भत्ता. रस्त्यावरच्या खिडकीला हिरवे पडदे, नवे कोरे! कुणाच्या पैशाचे? तुमच्या आणि माझ्या! रविवारी भर दुपारी जा तिच्याकडे. पडदे ओढलेले. आत काय चाललंय? सेवा!" आणि त्याने दोन्ही तळवे गालाखाली घेऊन असा काही घोरण्याचा आवाज काढला की टाइमकीपरच्या नाकातून चहा आला. "नवरा झोपलाय, बाई झोपलीय, जागे कोण? आपण! खड्ड्यात!"

हशा म्हणजे काय हशा! मीही हसले. आज त्याची आठवण झाली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मग त्या रस्त्यावरून बस नेणारा एक ड्रायव्हर हसता हसता म्हणाला, "अरे, हिरवे पडदे म्हणजे आपल्या…" आणि त्याने जीभ चावली. मोरीतला नळ बंद झाला. खिडकीची झडप हळूच, अजिबात आवाज न करता खाली आली. मागच्यांना काहीच कळलं नव्हतं. ते जोरात ओरडले, "चिठ्ठी बोलली!"

माणसं कामावर गेली. वकील त्या बंद झडपेसमोर उभा राहिला. "ताई, अगं चिठ्ठी होती ती."

"हो रे, ऐकलं की मी," आतून आवाज आला. "उरलेली ताटं तेवढी आण इकडे."

सोमवारी ताई उशिरा आली. हात पुसत मला म्हणाली, "मावशी, हा महिना येते. पुढे नाही जमायचं. भत्ता बंद करून आले सकाळी." मी हातातला झारा खाली ठेवला. "ऑफिसातल्या माणसाने विचारलं, पेशंट गेला का? म्हटलं, नाही, आहे. पण आता नको."

माझं डोकंच फिरलं. तशीच खड्ड्यापाशी गेले आणि डेपोभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "वर ये आधी! दिवे लावलेस ना, आता ये आणि बघ!" ताईची वेळ संपली तसे आम्ही दोघं तिच्या पाठोपाठ तिच्या घरी गेलो. वाटेत तो मला वाक्यं म्हणून दाखवत होता, ताईला असं सांगतो, तसं सांगतो. मी म्हटलं, "तू गप्प राहशील तर उपकार होतील."

दुसरा मजला, एकच खोली, रस्त्याकडे खिडकी. पडदे नव्हते. घडी करून खुर्चीवर ठेवले होते. उतरतीचं ऊन सरळ पलंगावर, भाऊजींच्या तोंडावर. त्यांनी डोळे गच्च मिटले होते आणि कडांतून पाणी वाहत होतं. ताई त्यांच्यावर पुठ्ठा धरून उभी होती. आणि ऐका, पडद्याचा तो रॉड याच वकिलाने भिंतीला भोकं पाडून ठोकला होता, भाऊजींना मान वळवता येत नाही म्हणून. मला हे माहीत होतं, मग त्याला नसेल?

"पडदे का काढलेस?"

"धुवायला," ताई म्हणाली. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू? खालून जाणारी प्रत्येक बस वर बघते असं वाटतं मला."

"ताई, मला चिठ्ठीच तशी आली गं! उलटी आली असती तर भत्त्याच्या बाजूने बोललो असतो, तुझी शपथ!"

"बोलला असतास. झकास बोलला असतास." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "पण चिठ्ठीवर पडद्यांचं लिहिलं होतं का रे? रविवारी माझा डोळा लागतो, ते लिहिलं होतं?"

वकिलाने खुर्चीवरचे पडदे उचलले आणि परत तिथेच ठेवले.

"एवढंच सांग," ताई म्हणाली. "तुला खरंच तसं वाटतं?"

हो म्हणाला असता किंवा नाही म्हणाला असता, तरी बरं झालं असतं. तो खाली बघत म्हणाला, "माहीत नाही, ताई. लोक हसत होते ना, तेव्हा वाटत होतं."

ताईने मान हलवली. "मला तर पहिल्यापासूनच तसं वाटत होतं. तूच म्हणालास, लाजू नकोस."

मी बोलले, चिडले, हातसुद्धा जोडले. वकील उद्याच ऑफिसात जाऊन भत्ता परत सुरू करून आणतो म्हणाला. ताई नाही म्हणाली. "आता तो घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही." वकील पलंग आणि खिडकीच्या मध्ये जाऊन उभा राहिला. भाऊजींच्या तोंडावर त्याची सावली पडली. त्यांनी डोळे उघडले आणि ऊन उतरेपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले. वकिलाला मात्र एकदाही त्यांच्याकडे बघवलं नाही.

निवडणूक झाली. कुठला पक्ष आला ते सांगत नाही, खुर्च्या मोडायला नकोत. कर होता तेवढाच राहिला. भत्तेही सगळ्यांचे तसेच राहिले, एक ताईचा सोडून.

वकिलाने पहाटेची पाळी मागून घेतली. वर्षानुवर्षं थांबून मिळालेली दिवसाची पाळी सोडली म्हणून बायकोने त्याला चांगलंच सुनावलं. आता तो दुपारी मोकळा होतो, हात धुतो आणि ताईच्या घरी जातो. तो पोचला की ताई निघते, म्हणून तिची दुपार वाचली. दोघं दारात भेटतात, भाऊजींनी किती पाणी घेतलं तेवढं बोलतात. पडदे तिने अजून लावलेले नाहीत आणि त्यानेही लाव म्हटलेलं नाही. खिडकीत खुर्ची घेतो आणि उन्हाकडे पाठ करून बसतो.

परवा जेवणाच्या वेळी त्या रस्त्यावरचा नवीन ड्रायव्हर हसत हसत आला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! "तुमचा वकील भारी आहे हं मावशी! रोज दुपारी बघतो, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत खुर्ची टाकून निवांत बसलेला. काम ना धंदा, मजा आहे बुवा!" चार माणसं खो खो हसली. जुनी होती ती ताटात बघायला लागली. मी झारा उचललाच होता.

खिडकीतून ताईचे ओले हात बाहेर आले आणि तिने एक ताट ओढून घेतलं. "हसू नका रे," ती म्हणाली. "ऊन येतं तिथे."

दुसऱ्या दिवशी वकिलाला मी हे सांगितलं. तो नळावर हात धूत होता. बराच वेळ धूत राहिला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "पडदे लावते म्हणाली का?"

"नाही."

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. मी चहा पुढे केला तर नको म्हणाला. ऊन खिडकीत यायच्या आत त्याला पोचायचं होतं.