अण्णाच्या तोंडची वचनं

माझा थोरला भाऊ, अण्णा, निपाणीतल्या आमच्या छोट्या चर्चच्या पंचांपैकी एक. शास्त्र त्याला तोंडपाठ. कुठल्या अध्यायात काय आहे, हे पाळकसाहेबसुद्धा त्याला विचारतात. माझी तक्रार एवढीच की त्यातली निम्मी वचनं तो लोकांच्या अंगावर फेकायला वापरतो.

गेल्या वर्षी एका रविवारी उपासना संपता संपता आमच्या गल्लीतली आक्का उभी राहिली. नवरा लवकर गेला, तिनं विड्या वळून एकुलत्या लेकीला नर्स केलं. लेकीचं लग्न बेळगावच्या एका बौद्ध मुलाशी ठरलं होतं. आक्का म्हणाली, "लग्न रजिस्टर हाय. पाळकसाहेबांनी त्याआधी घरी येऊन लेकीच्या डोक्यावर हात ठिवून प्रार्थना करावी, एवढंच मागणं हाय."

पाळक तोंड उघडायच्या आत अण्णा उठला. "लेक बाहेर देतीस आणि वर प्रार्थना मागतीस? चुना फासलेली थडगी हाईसा तुम्ही. वरनं पांढरी, आत नुसती घाण!"

सगळं चर्च भरलेलं होतं. कुणी एक शब्द काढला नाही. मीही नाही. आक्कानं पदर सारखा केला, दारात चपला घातल्या आणि निघून गेली.

घरी आल्यावर मात्र मला तोंड फुटलं. "अण्णा, भावाला मूर्ख म्हणणारासुद्धा आगीत जाईल, असं येशूनंच सांगितलंय न्हवं?"

"व्हय. आणि त्यानंच पुढं परुश्यांना, त्या धर्म शिकवणाऱ्या पुढाऱ्यांना, मूर्ख म्हटलंय, सापाची पिल्लं म्हटलंय. ते वाचलं न्हाईस?"

"मऊ बोलण्यानं राग जातो, हे बी लिवलंय."

"आणि मंदिरात चाबूक घिऊन शिरला, ते?"

मी एक वचन काढलं की त्याच्याकडं दुसरं तयार. पुस्तक एकच, पानं तीच. शेवटी माझं डोकं फिरलं. "खरं चुना फासलेलं थडगं तूच हाईस," मी ओरडलो. आतून वहिनी बाहेर आल्या. अण्णा अजिबात चिडला नाही. म्हणाला, "बघ. तुला बी वेळेला तेच वचन सापडलं."

हे मला फार लागलं. पुढचे दोन-तीन दिवस शाळेत शिकवून आलो की मी येशूच्या चरित्राची चारी शुभवर्तमानं घेऊन बसायचो. मग मला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. येशूचे कडक शब्द होते मानाच्या जागी बसणाऱ्यांसाठी. विहिरीवरच्या बाईशी, लोकांनी दगडांनी मारायला आणलेल्या बाईशी तो हळुवारपणे बोलला. हे आक्काला सांगायला मी धावत गेलो.

ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. माझं सगळं ऐकून घेतलं. हात थांबवले नाहीत.

"आणि ती परक्या मुलखातली बाई?" ती म्हणाली. "लेक बरी कर म्हणून पाया पडत हुती. तिला त्यानं कुत्र्याची उपमा दिली की रं. ती कुठं मानाच्या जागी बसलेली?"

मी तिच्या शेजारी खाली बसलो.

"तिनं ऐकून घेतलं, लेकीसाठी. मी बी ऐकून घेतलं. पर तिची लेक बरी केली त्यानं. तुमच्या चर्चनं मला काय दिलं?" मग दोरा तोडत म्हणाली, "तुझ्या अण्णाचं लई वाईट न्हाय वाटलं, त्याची जीभच तशी. तू गप बसलास, ते लागलं."

मी पाळकांकडं गेलो. ते अतिशय गोड बोलले. चहा पाजला, आक्काची चौकशी केली आणि पंचांचं मन मोडून आपल्याला जाता येत नाही, असं समजावून सांगितलं. मला त्या गोड बोलण्याची अण्णाच्या बोलण्यापेक्षा जास्त चीड आली.

लग्नाच्या सकाळी आक्कानं स्वतःच लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. जावई शेजारी मान खाली घालून उभा होता. प्रार्थना दोन वाक्यांची झाली. त्यानंतर ती चर्चला आलेली नाही.

अण्णाला थडगं म्हटल्याबद्दल मी महिन्याभरानं त्याची माफी मागितली. त्यानं पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रं, भाऊ हाईस तू," म्हणाला, इतक्या मायेनं की मला रडू आलं. त्याच भरात मी म्हटलं, "आता आक्काकडं जाऊया, दोघंबी."

त्यानं हात काढून घेतला. "तिचं येगळं हाय," म्हणाला.

मी एकटा आक्काकडं जातो. त्या दिवशी गप्प बसल्याच्या माफीचा विषय काढला की ती चहा ठेवायला उठते.