माह्या विमानाची काच ताईच्या व्हिडिओत

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते. उद्यापर्यंत ठेवलं तर राग थंडा होऊन जाईन, अन् थंड्या रागानं सांगतलेल्या गोष्टीत मजा नाही. टायपिंगच्या चुका असतील तर असू द्या, बोटं पळून राह्यले.

पहिले हे समजून घ्या का मी विमानं बनवते. डब्ब्यात तयार तुकडे येतात अन् आपण जोडायचे, तसे नाही. सगळं शून्यातून. आमच्या बालाघाट शहरावरून कधी कधी ट्रेनिंगचं छोटं विमान जाते. गोंदियाकडून येते, वैनगंगेवरून वळते, परत जाते. तेच मी बनवते. पंख थर्माकोलचे, अंग लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचं (बाबा सरकारी ऑफिसात आहेत, अर्धा जिल्हा त्यायले पत्रिका देते), चाकं शर्टाच्या गुंड्यांचे. एवढं कोणालेही जमन. जमत नाही ती काच.

काच म्हणजे पायलटच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमट. त्याले कॅनोपी म्हणतात, मी काच म्हणते. विमान कितीही झकास बनवा, काच दुधी झाली का विमान आंधळं दिसते. मोतीबिंदू झाल्यासारखं.

पहिले मी मिठाईच्या डब्ब्याचं झाकण गॅसवर गरम करून वाटीवर दाबलं. झाकण वाटीले चिकटलं, वाटी गेली. मग कोल्डड्रिंकच्या बाटल्यांवर आली. मोठी बाटली पाह्यजे, मधात गुळगुळीत असलेली, रेघावाली नाही. आधी काचेच्या आकाराचा लाकडी साचा कोरायचा. शिवणीचं लाकूड, मऊ असते, सुताराकडे तुकडे पडलेले असतात. साचा कोरायचा तो खऱ्या मापापेक्षा जरासा लहान, कारण वरून प्लास्टिकची जाडी येते. मग पुट्टी, मग घासायचं. पानी पेपरनं घासत राह्याचं, साचा गालासारखा लागला पाह्यजे. मग बाटलीचं बूड कापून साचा आत टाकायचा, मागून पाचर ठोकून घट्ट करायचा अन् वरून हीट गननं गरम हवा फिरवायची. बाटली आकसते अन् साच्याले चिपकते. हवा कमी झाली तर सुरकुत्या, जास्त झाली तर पांढरी. मग ब्लेडनं कापायची.

लिहाले एक मिनिट लागला, शिकाले दोन वर्षं लागले. माह्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर डाग आहेत. एकदा साच्यावर माह्या डोक्याचा एक केस राह्यला होता, फक्त एक, तर काचेवर तो असा उठला जशी नकाशावरची नदी. तेव्हा समजलं का ही बाटली काहीच लपवत नाही. साच्यावर जे असन ते काचेवर येईन.

आता ताई. ताई म्हणजे माह्या आत्याची मुलगी, वारासिवनीची, माह्यापेक्षा चार वर्षांनं मोठी. तिचा चॅनल आहे, घरातल्या टाकाऊ सामानातून वस्तू बनवाचा. दिवाळीत आमच्याकडे आलती. मी गच्चीवर साच्यावर काच बनवून राह्यलती, तर येऊन बसली.

"अवं, हे बाटलीचं आहे?"

"हौ."

"खोटं नको बोलू."

"ताई, हे पाह्य ना, बूड इथं पडलं."

मग तिनं सगळं विचारलं. कोणतं लाकूड, कोणता पेपर, हवा किती दूरून. मीही येडी, सगळं सांगत गेली. कोणी विचारतच नाही ना आमच्या इथं, कोणी विचारलं का माह्या तोंडाची टोटीच उघडते. जाताना म्हणे, "एक साचा दे ना मले. अन् एक काच. शोकेसमधे ठेवीन, शोभेले."

शोभेले!

आठ दिवसानं व्हिडिओ आला. "दोस्तों, बहुत मेहनत के बाद मैंने ये तरीका खोजा है." साचा माहा, काच माही, शब्दही माहे. म्हणे ज्यादा गरम किया तो प्लेन को मोतियाबिंद हो जाएगा. मोतीबिंदूही सोडला नाही तिनं!

मी फोन लावला. "ताई, माह्यं नाव तरी घ्याचं असतं."

"अवं घरातल्या घरात काय नाव घ्याचं? तू काय परकी आहे?"

परकी असती तर भांडली असती. घरची होती म्हणून फोन ठेवला अन् उशी चावली.

तेवढ्यावरही मी गप्प बसली असती, आईशप्पथ. पण मोबाईलवर आमचा एक ग्रुप आहे, देशभरातले विमानं बनवणारे, बहुतेक रिटायर झालेले काका लोक. मी त्यात तीन वर्षं फक्त वाचत होती. ठरवलं होतं, काच एकदम साफ जमली का टाकीन. जमली. टाकली. पाच फोटो, वेगवेगळ्या उजेडात. हृदय असं धडधडून राह्यलं होतं जसा बारावीचा रिझल्ट.

पहिला जवाब आला, "ये तो उस वारासिवनी वाली दीदी की कॉपी है." दुसऱ्यानं तिच्या व्हिडिओची लिंक टाकली. अन् ग्रुपमधले सगळ्यात मोठे काका, ज्यायचे विमानं पाहून मी सुरू केलं होतं, त्यायनं लिहिलं, "बेटी, नकल करना बुरा नहीं, पर श्रेय देना सीखो."

मले! मले श्रेय द्याले सांगतलं!

मी लिहिलं का हे माह्यंच आहे, तिनं माह्यापासून घेतलं. कोणी हसण्याचं चित्र टाकलं. बस. तेव्हापासून माह्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्या ग्रुपमधे माह्यं नाव साफ झालं पाह्यजे, अन् ताईच्या तोंडून नाही तर ताईच्या व्हिडिओतून झालं पाह्यजे.

अन् देवानं ऐकलं हो. महिन्याभरानं तिचाच फोन.

"तो साचा जळला वं. मी गॅसवर धरला होता. दुसरा बनवून दे ना, जरा मोठा. लोक पार्ट टू मागून राह्यले."

लाज पाहा! पण माह्या तोंडातून मध निघाला मध. "हौ ताई, बनवते ना. चांगला बनवते."

बाबा बाजूले पेपर वाचत होते. म्हणे, "शहाणी झाली माही पोरगी. असं मन मोठं पाह्यजे."

मी मोठ्या मनानं सुताराकडे गेली. त्या साच्यावर जेवढी मेहनत केली तेवढी स्वतःच्या साच्यावरही नाही केली. चार दिवस घासला. वार्निश मारलं. अन् मग डाव्या बाजूले, मागच्या कोपऱ्यात, सुईच्या टोकावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब घेऊन बारीक उठावदार अक्षरं काढले. एकच शब्द. चोट्टी.

वार्निशवर गोंद दिसतही नव्हता. बोट फिरवलं तरच लागे.

अन् ऐका, मी ते उलटं लिहिलं. आरशातल्यासारखं. मले वाटलं मी किती हुशार. आमच्या घरी शिक्क्यांचं भल्लं कौतुक. बाबा सुट्टीच्या दिवशी ऑफिसचे रबराचे शिक्के घरी आणून जुन्या टूथब्रशनं घासतात. मी लहानपणी अक्षरं शिकली तीच शिक्क्यांवरून, सरळच्या आधी उलटी. उठावदार अक्षर म्हणजे उलटं, हे माह्या रक्तात आहे. जिभेचं टोक दातात धरून उलटा ट उलट्या ट ले जोडला, उलटी वेलांटी काढली, फुंकर मारली. साचा कपड्यात बांधून वारासिवनीच्या बसच्या कंडक्टरजवळ दिला.

"सांभाळून न्या हो भाऊ, नाजूक आहे."

"देवाची मूर्ती आहे काय?"

"तसंच समजा."

घरी येताना ऑटोत बसल्या बसल्या डोक्यात वीज पडली. शिक्का कागदावर उलटतो. काच कुठं उलटते? काच तर साच्यावर चादरीसारखी बसते. चादर पांघरून झोपलेल्या माणसाचं नाक उलटं दिसते काय? म्हणजे काचेवरही ते उलटंच उठणार, अन् उलटं चोट्टी वाचते कोण? शिक्के घासणाऱ्याच्या पोरीशिवाय कोणीच नाही! मी ऑटोतच कपाळावर हात मारला. ऑटोवाला म्हणे, "क्या हुआ बहन, कुछ छूट गया?"

हौ, छूट गया. बसमधे छूट गया.

एवढा चांगला साचा आता ताईले फुकट जाणार होता. मीच माह्या हातानं पार्ट टू बनवून दिला. मी घरी येऊन जेवलीच नाही. बाबा म्हणे काय झालं, मी म्हटलं पोट दुखते.

पाच दिवसानं पार्ट टू आला. पाह्याचं नव्हतं, तरी पाह्यलं. ताईनं यावेळी मोबाईल समोर ठेवून सेल्फी कॅमेऱ्यानं शूट केलं होतं, चेहरा चांगला येते म्हणून. "दोस्तों, ये साँचा मैंने अपने हाथों से तराशा है." मी दात खाऊन राह्यली. मग तिनं नवी काच लावलेलं विमान उचललं, कॅमेऱ्याजवळ आणलं, खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवलं. तिच्या मागं भिंतीवर कॅलेंडर होतं. अन् कॅलेंडरवरचे आकडे उलटे.

सगळे उलटे! तारखा, वार, देवीखालचं दुकानाचं नाव, सगळं आरशातल्यासारखं. तिच्या मोबाईलचा सेल्फी कॅमेरा सगळं उलटं करून ठेवते.

अन् माह्यं उलटं सरळ झालं.

काचेच्या मागच्या कोपऱ्यात, उजेड पडल्याबरोबर, एकदम साफ. चोट्टी. त्या पूर्ण व्हिडिओत वाचता येणारा तेवढा एकच शब्द होता. मी पलंगावर अशी उडाली का पाटी मोडली, पलंगाची. खरंच मोडली.

मी काहीच लिहिलं नाही. फक्त स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवलं अन् वाट पाह्यली. तासाभरात व्हिडिओखाली पहिला जवाब आला, "दीदी, काँच पे चोट्टी क्यों लिखा है?" मग दुसरा, "रुक के देखो, सच में लिखा है." मग तर रांगच लागली. एकानं विचारलं, "खुद तराशा तो खुद को चोट्टी क्यों लिखा?" हा माणूस कोण आहे मले माहीत नाही, पण त्याचं भलं होवो.

संध्याकाळी बाबायच्या मोबाईलवर आत्याचा फोन. स्पीकरची गरजच नव्हती.

"तुह्या पोट्टीनं माह्या पोरीले सगळ्या दुनियेसमोर चोट्टी म्हटलं! रडून राह्यली ती! जसं दुनियेसमोर म्हटलं तशी दुनियेसमोर माफी मागाले लाव तिले!"

बाबायनं फोन ठेवला. मले पूर्ण गोष्ट विचारली, मी पूर्ण सांगतली. दिवाळीपासून. ग्रुपमधलं दाखवलं, काकायचं ते श्रेयवालं वाक्यही. बाबायनं मोबाईल माह्या हातात परत दिला. मग म्हणे, "बहीण आहे माही. माफी तर मागावंच लागन."

"सगळ्यायसमोर?"

"ते तसंच म्हणते."

"हौ बाबा. मागते."

मी बसून लिहिली. ताईचा चॅनल हिंदीत, म्हणून हिंदीत. "दीदी, मैंने साँचे पर आपको चोट्टी लिखा, इसके लिए माफ़ी माँगती हूँ. पहला साँचा भी मैंने बनाया था और यह भी, तरीका भी मेरा था, आपने दिवाली में मेरी छत पर बैठकर सीखा. फिर भी बहन को चोट्टी नहीं लिखना चाहिए था. इस साँचे को गैस पर मत पकड़ना, जल जाएगा." खाली माह्या दोन वर्षांचे फोटो, तारखांसहित. पांढऱ्या झालेल्या काचा, सुरकुतलेल्या काचा, चिकटलेली वाटी, भाजलेले बोटं.

टाकायच्या आधी बाबायले दाखवली. त्यायनं चष्मा लावून वाचली, सरकारी पत्र वाचतात तशी, ओळीखाली बोट फिरवत.

"यात माफी कुठं आहे?"

"पहिल्याच ओळीत."

पुन्हा वाचली. "हं," म्हणे. "शुद्धलेखन बरोबर आहे." अन् चहा ठेवाले उठून गेले.

टाकली. व्हिडिओखाली टाकली, अन् तीच्या तीच ग्रुपमधेही टाकली, रेकॉर्डिंगसहित. आत्याच म्हणत होती ना, दुनियेसमोर.

ताईनं दोन घंट्यात व्हिडिओ काढून टाकला. पण तोपर्यंत जे पाह्याचं ते सगळ्यायनं पाह्यलं होतं. ग्रुपमधे मोठ्या काकायनं आज सकाळी लिहिलं, "बेटी, श्रेय तुम्हारा है. गलती मेरी थी." अन् खाली विचारलं, साचा किती लहान ठेवते, हवा किती दूरून देते. मी सांगतलं नाही अजून. सांगीन. दोन दिवस वाट पाहू दे त्यायले, मी महिनाभर पाह्यली.

लोक म्हणतात बदला घेऊन मन हलकं होत नाही. खोटं आहे. भल्लं हलकं होते. ताई बोलत नाही, आत्या बोलत नाही, पुढच्या महिन्यात खैरलांजीले घरचंच लग्न आहे अन् तिथं आम्हा दोघींले नवरीच्या मागं उभं राहाचं आहे, एका रंगाच्या साड्या घेतल्या आहेत आधीच. मी तर नेसणार आहे. तिचं ती पाहीन.

तुम्ही सांगा आता. तुमच्यासोबत झालं काय असं? तुमचंच उचलून तुमालेच कोणी नकलची म्हटलं काय? अन् म्हटलं तर तुम्ही काय केलं? चूप राह्यले असान तर तेही सांगा, पण काहून चूप राह्यले ते जरूर लिहा.