घरात एकच भाषा

यवतमाळच्या त्या वाचा-उपचाराच्या खोलीत बाईंनी विचारलं, "किती शब्द बोलते?" मी तडकाफडकी सांगून टाकलं, "एकही नाही."

मुलगी तीन वर्षांची होती. तिला डाउन सिंड्रोम आहे हे जन्मल्यावर आठवड्याभरातच कळलं होतं. चालणं उशिरा येईल, बोलणं त्याहून उशिरा, हेही माहीत होतं. पण एकही नाही, हे साफ खोटं. आणि मी ते खोटं म्हणून बोललोच नव्हतो, मला तसंच वाटत होतं, याचीच आज जास्त चीड येते. तिला तीन शब्द येत होते. आईला ती याडी म्हणायची, भाकरीला बाटी, आणि बकऱ्यांना हात करून आव, म्हणजे ये. तिन्ही आमच्या बंजारा तांड्याच्या गोरबोलीतले. मी आर्णीच्या शाळेत मराठी शिकवतो. माझ्या लेखी ते शब्दच नव्हते.

ते तिला माझ्या वडिलांकडून, बाकडून, आले होते. संध्याकाळी बकऱ्या परतायच्या वेळी तो तिला घेऊन अंगणात बाजेवर बसायचा. "आव" म्हणायचा आणि गप्प व्हायचा. तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. तिच्या ओठांची जुळवाजुळव होईपर्यंत या माणसाला जगात दुसरं काम नसायचं. ती "आव" म्हणाली की मगच हातातलं पिल्लू सोडायचा. ते उड्या मारत तिच्याकडे यायचं आणि ती टाळ्या पिटायची.

बाईंनी कागदावर लिहून दिलं: घरात एकच भाषा ठेवा, मराठी, दोन भाषांनी मुलगी गोंधळते. त्यांचं चुकलंच. पण तीन शब्द मीच गिळले होते, त्यांना काय दोष देऊ? आणि खरं सांगतो, तो कागद वाचून मला बरं वाटलं. लहानपणी वर्गात बोलीतला एक शब्द तोंडून निसटला की सगळी पोरं खिदळायची. तेव्हापासून मला माझ्या घरच्या भाषेची लाज वाटत आली. आता त्या लाजेला सहीशिक्क्याचा कागद मिळाला होता.

घरी येऊन मी फर्मान सोडलं. बायकोनं मान डोलावली, तिची मराठी चांगली. बाची मराठी कापसाच्या बाजारापुरती.

तो म्हणाला, "मराठीत मले भाव करता येते रे. लाड नाही करता येत."

"मंग नको बोलू," मी म्हणालो. "तिच्याच भल्यासाठी सांगून राह्यलो, बा."

बिचाऱ्यानं प्रयत्न केला. पण दोन वाक्यांनंतर बोलीतला शब्द यायचाच, आणि मी जिथं असेन तिथून ओठांवर बोट ठेवायचो. श्श! जेवताना, अंगणात, पाहुण्यांसमोरसुद्धा. सत्तरीच्या माणसाला त्याच्याच अंगणात मी वर्गातल्या पोरासारखं गप्प केलं. तो ओशाळून हसायचा. मग हसणंही बंद झालं. बकऱ्या आल्या की मुकाट्यानं बांधायचा आणि आत जाऊन पडायचा.

इकडे माझी शिकवणी जोरात. चित्रांचे पत्ते, आरसा, साबणाचे फुगे. "हे काय? आई. म्हण, आई. म्हण ना!" ती भिंतीकडे बघायची. याडी आधी गेलं, मग बाटी. आव सगळ्यात जास्त टिकलं. मग बकऱ्या आल्या तरी ती नुसता हात करू लागली, आणि मी बायकोला म्हणालो, "पाह्य, गोंधळ कमी झाला."

तीन वर्षांनी अमरावतीच्या दुसऱ्या बाईंकडे गेलो. प्रश्न तोच. या वेळी मी तयारीनं सांगितलं, "पाणी, दे, नको, आई."

"आणि घरच्या भाषेत?"

मी बायकोकडे पाहिलं. बायको खाली बघत म्हणाली, "तीन होते. आता नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. दोन भाषांनी अशी मुलं गोंधळत नाहीत, म्हणाल्या. ज्याला ज्या भाषेत मोकळं बोलता येतं, त्यानं त्याच भाषेत बोलावं. एक शब्द म्हणा आणि थांबा. तिची वाट बघा. ती बोलली की हवी ती वस्तू लगेच द्या. मला आमची बाज आठवत होती. नेरमार्गे घरी परतताना बसमध्ये स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

घरी पोचलो तेव्हा बा बकऱ्यांची वाट बघत दाराशी उभा होता. मी म्हणालो, "बा, आता बोल तिच्यासंग. आपल्याच बोलीत. बाईनंच सांगतलं."

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मी नळ हाय का रे? तू म्हणशील तवा बंद, तू म्हणशील तवा चालू?"

तरी नातीसाठी बाजेवर बसला. तिला जवळ घेतलं. बकऱ्या फाटकातून आत येत होत्या. त्यानं एक पिल्लू पकडलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "आव." मग पूर्वीसारखाच थांबला, तिच्या तोंडाकडे बघत.

ती दचकली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग आपलं आखूड बोट उचलून आजोबांच्या ओठांवर ठेवलं.

"श्श," ती म्हणाली.

इतका स्पष्ट उच्चार मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तेवढा एक मी नीट शिकवला होता.