चकत्या फिरवल्या कुणी

आमच्या कडाव गावात कुणी भुताची गोष्ट काढली की मी उठून जायचो, नाहीतर सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणायचो. आयुष्यात नवस केला नाही, अंगारा लावला नाही, गाडीला लिंबू-मिरची बांधू दिली नाही. आता मीच लिहायला बसलोय. तुम्ही मला खोटारडा म्हणा... पण आधी पूर्ण वाचा. शाळा चौथीपर्यंतच झाली, मोबाईलवर एका बोटानं लिहितो. चुका पोटात घाला.

माझ्याकडे जुनी डिझेल गाडी आहे, फोर बाय फोर. डोंगरातल्या वाडीवरचं दूध खाली डेअरीला आणायला घेतली होती. वाडीचा रस्ता म्हणजे लाल मातीचा चढ, पावसाळ्यात नुसता साबण. नव्या गाडीवाल्यांसाठी सांगतो - तुमचं फोरव्हील बटण दाबलं की लागतं. आमच्या गाडीला पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती आहे, तिला हब म्हणतात. खाली उतरून ती हातानं फिरवायची. लॉक केली तर पुढची चाकं ओढतात. फ्री असली तर आत बसून लिव्हर कितीही ओढा, फोरव्हील लागत नाही.

उतरायचं काम आमच्या मंडळीचं. सुलोचना. चढाच्या पायथ्याला ओढा आहे, तिथं मी थांबायचो, ती उतरायची. आधी डावं चाक, मग बॉनेटपुढून जाऊन उजवं. उजवी चकती घट्ट, म्हणून पदराचं टोक हातात धरून, चिखल पुसून फिरवायची. मग बॉनेटवर दोन थापा, म्हणजे चला. परत खाली डांबरी रस्त्याला लागलो की पुन्हा उतरून फ्री करायची.

पावसाळ्यात आमचं भांडण ठरलेलं.

"अवो, चार महिने ऱ्हाऊ द्या की लॉक. दसऱ्याला गाडी धुवाल तवा फ्री करा. रोज माझं लुगडं चिखलात."

"डिझेल काय तुझ्या बापाच्या विहिरीतनं येतं?"

"माझ्या बापाची विहीर तरी हाय. तुमच्या बापाचं काय हाय?"

असं चालायचं. ती मागे हटायची नाही, मीही नाही. मी अजून म्हणतो, लॉक ठेवलं की डिझेल जास्तच जातं.

ती जाऊन आता दीड वर्ष होईल. थंडीचे दिवस होते, दुखणं थोड्याच दिवसांचं झालं. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी दूध आणायला निघालो. ओढ्याशी थांबलो, लिव्हर ओढली आणि बसून राहिलो. कशासाठी बसलोय ते माझं मलाच कळेना. मग घातली गाडी चढाला. मागची चाकं जागेवर फिरायला लागली, गाडी आडवी झाली. वाडीवरच्या माणसांनी ढकलून काढली.

म्हटलं, फोरव्हील गेलं. मुलगा दिलीप सोबत होता, दोघांनी गाडी कर्जतला रफिकच्या गॅरेजात नेली. मी सांगितलं, "लिव्हर लागते पण पुढची चाकं ओढत नाय. गिअरचा फोर्क तुटलाय, खोल." रफिक खाली झोपला, लिव्हरचे सांधे बघितले, ऑइल बघितलं. मग पुढं येऊन उकिडवा बसला आणि हसायला लागला.

"चाचा, फोर्कला काय झालं नाय. हब फ्री हायेत! हब कोण फिरवणार, मी येऊ काय रोज?"

गॅरेजातले सगळे हसले. दिलीप हसला नाही. त्याचं न हसणं मला जास्त लागलं.

घरी येताना म्हणाला, "बाबा, गाडी काढून टाकू. तुमच्या ध्यानात राहत नाय आता."

"एकदा चुकलं रं. तू काय जन्मापासून चुकला नाहीस?"

त्यानंतर मी स्वतः उतरायला लागलो. गुडघे कुरकुरायचे, पण ओढ्याशी लॉक, डांबरीला फ्री, कधी विसरलो नाही. आणि मग एका सकाळी कर्जतला निघालो तर पुढून घूंऽऽ असा आवाज, स्टेअरिंगही जड. हवा बघितली, बरोबर. जॅक लावून पुढचं चाक उचललं, हातानं फिरवलं, तर खालचा पुढचा शाफ्ट त्याच्याबरोबर फिरतोय. फोरव्हीलची लिव्हर तर सोडलेली. म्हणजे हब. बघितलं - दोन्ही लॉक. आदल्या संध्याकाळी मी माझ्या हातानं फ्री केलेल्या.

परत फ्री केल्या. दुसऱ्या सकाळी परत लॉक. तिसऱ्याही. अख्खं चाक चिखलानं बरबटलेलं, आणि मधली चकती तेवढी पुसल्यासारखी स्वच्छ.

शेजारची पोरं मस्ती करतात म्हणून त्यांच्यावर ओरडलो. खोटं कशाला बोलू, दिलीपवरही संशय घेतला, गाडी विकायची म्हणून हाच करत असेल. त्याचं म्हणणं उलटं. "तुम्हीच फिरवता आन तुम्हीच विसरता." चष्मा कुठं विसरलो, गॅस कधी चालू राहिला, सगळं काढायला लागला. पनवेलला डोक्याच्या डॉक्टरकडे नंबर लावला. डॉक्टरनं लिहून दिलं की गाडीची चावी दिलीपकडे जाणार होती. म्हातारपणी चावी गेली की माणूस ओट्यावर बसतो, आणि एकदा बसला की त्याला कुणी काही विचारत नाही. मी हट्टाला पेटलो. रोज सकाळी उठून फ्री करायचो. ती... म्हणजे जे कोण होतं ते, रोज लॉक करायचं.

अशात लोधिवलीला लेकीच्या नव्या घराची पूजा आली. मी एसटीनं गेलो, तिनं ठेवून घेतलं. तिथं दिलीपचा फोन आला.

"बाबा, कुठं हाय तुमी?"

"कुठं म्हंजे? वंदनाकडं."

"घरी आल्ता का मधी?"

"डोकं फिरलं का तुझं?"

मग म्हणाला, "मी काल चकत्या फ्री केल्या. उजवी तर पकडीनं फिरवावी लागली. शेडला साखळी लावून कुलूप घातलं, चावी माझ्याच खिशात. बाबा... दोन्ही लॉक हायेत."

"मग आता डॉक्टरकडं कोण जायचं?"

"तुमी घरी या."

घरी पोचलो तर त्यानं गाडीची चावी माझ्या हातात दिली. डॉक्टरचं नाव काढलं नाही, आजपर्यंत काढलेलं नाही. दारात उभा राहून एवढंच विचारलं, "बाबा, आईला पक्कड लागायची?"

"नाय रं. पदर धरून फिरवायची."

तो आत निघून गेला.

मी शेडमध्ये गेलो. भर दुपार होती. गाडीसमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं बोललो, कारण हळू बोलायची मला सवय नाही. "बरं. ऱ्हाऊ दे लॉक. दसऱ्यापर्यंत. पण डिझेल जातं ते जातंच." त्यानंतर पावसाळाभर हात लावला नाही. चढाला गाडी सरसर जायची. ओढ्याशी मात्र मी थांबायचो. उतरायचं काही नसायचं, तरी थांबायचो.

दसऱ्याच्या सकाळी बादली आणि झेंडूचा हार घेऊन शेडमध्ये गेलो. म्हटलं, आधी चकत्या फ्री करू, मग धुऊ. गाडी मडगार्डपर्यंत चिखलानं माखलेली. गुडघा टेकून डावं चाक बघितलं. चकती पुसलेली होती... आणि फ्री होती. उठून उजव्या बाजूला गेलो. तीही फ्री.

गाडीशी बोललेलं मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दिलीप पहाटेच पहिल्या पाळीला गेला होता. मी तिथंच खाली बसलो, बादली तशीच राहिली.

रफिककडून दोन्ही हब खोलून घेतले. स्प्रिंग ठीक, दाते ठीक, ग्रीस ठीक. तो म्हणाला, धक्क्यानं एखादी लॉक झालेली सुटेल, पण उभ्या गाडीत फ्री चकती आपली आपण लॉक? "नाय होत, चाचा." यावेळी हसला नाही.

आता परत आभाळ भरून यायला लागलंय. चकत्या अजून फ्री आहेत. परवा दिलीप म्हणाला, "बाबा, लॉक करून ठेवू का?" म्हटलं, हात लावू नको. रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बघून येतो.

याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. कुणाला मशीनमधलं काही ठाऊक असेल तर लिहा, मी वाचीन. पण नारळ द्या, शांत करून घ्या, असलं सांगू नका. मला काही शांत करायचं नाही.