मालकाचा रकाना

सत्काराच्या कार्यक्रमात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक हटकून सांगतो की, केज तालुक्यात घरी कॉम्प्युटर जोडणारा हा पहिला माणूस, आणि दुष्काळात गोरगरिबांच्या हक्कासाठी लढलेला कार्यकर्ता. पहिलं खरं आहे. सुटे भाग आणून मी ते यंत्र धान्याच्या कोठीशेजारी जोडलं, तेव्हा घरच्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. दुसरं ऐकलं की मात्र मला खुर्चीत बसवत नाही. नारळ आणि शाल घेतो आणि शक्य तितक्या लवकर उठतो.

त्या वर्षी युसूफ वडगावच्या वाटेवर आमच्या दूध सोसायटीने जनावरांची छावणी चालवली होती. चारा यायचा, पण पोचायचा नाही. संचालकांच्या नावावर अशी जनावरं चरत होती, जी कुणी कधी पाहिली नव्हती. कुंपणच शेत खात होतं म्हणा ना! मी छावणीच्या फाटकावर तीन दिवस ठाण मांडून बसलो, भांडलो, शिव्या खाल्ल्या. शेवटी अध्यक्ष वैतागून म्हणाले, "एवढं लई कळतंय तर तूच कर की यादी." त्यांना वाटलं, हा पळून जाईल. मी कॉम्प्युटर बैलगाडीत घातला, खाली कडब्याऐवजी घरातल्या वाकळा पसरल्या, आणि छावणीत नेऊन मांडला.

प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला. यादीत नंबर, रंग, शिंगं, गाव, मालक. एक नंबर दोनदा आला की यंत्र अडवायचं. महिनाभरात न पाहिलेली जनावरं यादीतून गेली आणि पाहिलेल्यांच्या पुढ्यात पेंढी पडू लागली. यादी मी फाटकावर चिकटवायचो, वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवायचो. संचालक येऊन कानाशी लागत, "एवढं एक नाव घाल." माझं उत्तर ठरलेलं, तोंडी सांगण्यावरून यादी बदलणार नाही. कुणाच्याही. हे बोलताना मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा, लपवत नाही.

आणखी एका गोष्टीचा वाटायचा. वासराची नोंद करताना आईचा नंबर टाकला की मालकाचं नाव आपोआप लागायचं. टंकायचं काम वाचे.

आमच्या भागात गाय अर्धलीने देतात. गाय एकाची, सांभाळ दुसऱ्याचा. पहिलं वासरू मालकाचं, दुसरं सांभाळणाऱ्याचं. त्याला कागद नसतो, चार माणसांना माहीत असतं, बस. आमच्या घरच्या गाईही अशाच दिलेल्या होत्या. हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी यादीत माणसाच्या नावाचा मी एकच रकाना केला, मालकाचा.

आमच्याच गावातली एक विधवा, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मी तिला मावशी म्हणायचो. एका संचालकाची गाय तिच्याकडे अर्धलीने होती. नोंदीच्या वेळी मी विचारलं, "मालक कोण?" तिने सरळ मालकाचं नाव सांगितलं. गाय त्याचीच होती, ती दुसरं काय सांगणार? गाईसोबत दुसऱ्या वेताची तांबडी कालवड होती. ती मावशीची. यंत्राने तिला आईचा मालक लावला.

पंधरा दिवसांनी कुणीतरी तिला यादी वाचून दाखवली. ती माझ्याकडे आली. "बापू, कालवड माजी हाय. त्येंचं नाव कावून लावलंस?"

मी तेव्हा प्रिंटरची अडकलेली फीत सोडवत होतो. म्हणालो, "मावशी, चारा तर मिळतोय ना? नावाने काय फरक पडतो? बघू नंतर."

ते नंतर राहूनच गेलं.

छावणी उठली त्या दिवशी सोसायटीने ठरवलं, जनावरं यादीप्रमाणे ताब्यात द्यायची. गोंधळ नको. वाचायला अर्थात मी. एकेक नाव घ्यायचो, माणूस पुढे येऊन आपलं जनावर सोडून न्यायचा. संचालकाचं नाव आलं. त्याच्या गड्याने गाय सोडली आणि कालवडीच्या दाव्याला हात घातला. मावशी आपला दोर घेऊन उभी होती. ती मध्ये आली.

"ही माजी हाय."

संचालक हसत म्हणाला, "यादीत बघ की. मास्तरची यादी हाय, आमची न्हाई." मला तो मास्तर म्हणायचा, टोमणा म्हणून.

सगळे माझ्याकडे बघू लागले. तोंडी शब्दावर आज एक नाव बदललं, तर अध्यक्षांपासून सगळे उद्या आपापला शब्द घेऊन येतील, हे माझ्या डोक्यात होतं. ती खोटं बोलत नाही, हेही होतं. मावशी गर्दीकडे वळलीच नाही. मला म्हणाली, "यादी ठिव बाजूला. तुला म्हाईत हाय का न्हाई? तू सांग, कालवड कुनाची?"

मी यादीत बघितलं. तिथे काय आहे ते मला पाठ होतं, तरी बघितलं. आणि म्हणालो, "मावशी, यादीत तुमचं नाव नाही."

तिने दोर गुंडाळला आणि ती निघून गेली. मी पुढचं नाव वाचलं. आजही माझं मलाच खरं वाटत नाही, पण मी पुढचं नाव वाचलं.

त्या आठवड्यात बसून मी सांभाळणाऱ्याचा रकाना घातला. जेमतेम अर्ध्या तासाचं काम. नवी यादी घेऊन संचालकाकडे गेलो, तर कालवड केजच्या बाजारात विकून झाली होती, आणि गायही त्याने आपल्या गोठ्यात नेली होती. तसाच मावशीच्या दारात गेलो. माफी मागायची होती. तिने आधी बस म्हटलं, चूल पेटवली आणि चहाची पितळी पुढे सरकवली.

"दूद न्हाई," ती म्हणाली, "तसाच घे."